डेन्व्हर ते ग्रँड जंक्शन: मागे जीप, पुढे सात टक्क्यांचा उतार

कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आय-७० हा महामार्ग धरून पश्चिमेला निघालं की तासाभरात रॉकी पर्वत अंगावर येतो. शहर ५,२८० फुटांवर, आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर आणि तिथून आठ मैलांत सिल्व्हरथॉर्न, साधारण नऊ हजार फुटांवर. मग व्हेल पासचा चढ, १०,६६२ फूट, आणि पुन्हा उतार. साध्या कारने हा रस्ता म्हणजे निव्वळ सुख. आम्ही मात्र फोर्ड एफ-५३ चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) बांधलेलं पेट्रोल मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन जातो आणि मागे, चारही चाकं जमिनीवर ठेवून टोचन केलेली, चार दारांची जीप रँग्लर असते. डोंगरांचे फोटो तुम्हाला कुठेही मिळतील. इथे ब्रेकबद्दलच जास्त वाचावं लागेल.

पहिला थांबा ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्याचा. आमच्या चासीच्या पाटीवर दोन आकडे आहेत: मोटरहोमचं भरलेलं वजन जास्तीत जास्त २२,००० पौंड, आणि मागच्या गाडीसकट एकूण २६,०००. लोक दुसरा आकडा बघून निर्धास्त होतात. पण मोटरहोमचे ब्रेक पहिल्या आकड्यासाठी बनवलेले असतात. वरचे चार हजार पौंड थांबवण्याची जबाबदारी मागच्या गाडीच्या स्वतःच्या ब्रेकवर. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वर स्वतंत्र ब्रेक सक्तीचा आहे, काही ठिकाणी १,५०० पासूनच. कायदा बाजूला ठेवला तरी गणित तेच राहतं.

आमची जीप सामानासकट ४,५०० पौंडांच्या आसपास भरते. म्हणजे मोटरहोम २१,५०० च्या आत हवं. सोपा उपाय पाण्याच्या टाकीत आहे. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, म्हणजे ६० गॅलन ओतून दिले की ५०० पौंड उतरले. पाणी ग्रँड जंक्शनलाही मिळतं, ते घाटावरून वाहून न्यायचं कारण नाही.

जोडणीचं काम आम्ही सपाट जागेवरच करतो. टो बार, म्हणजे दोन गाड्या जोडणारा दांडा, शक्य तितका आडवा हवा. मोटरहोमच्या मागचा हिच (जोडणीचा भाग) आणि जीपच्या पुढचा बेसप्लेट (बार अडकवायची पट्टी) यांच्या उंचीत तीन इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर मध्ये ड्रॉप रिसीव्हर, म्हणजे उंची जुळवणारा जोड, घालायचा, नाहीतर जोरात ब्रेक दाबल्यावर जीप मोटरहोमच्या मागच्या बाजूला वर तरी उचलते किंवा स्वतः खाली तरी घुसते. सेफ्टी केबल टो बारच्या खालून एकमेकींना छेद देऊन न्यायच्या, म्हणजे बार सुटलाच तर तो त्या झोळीत पडेल. ब्रेकअवे केबल वेगळी असते: जीप तुटून निघाली तर ती जीपवरच्या स्विचची पिन ओढते आणि जीपचा ब्रेक लागतो. तिचं टोक मोटरहोमच्या चासीला बांधायचं. टो बारला किंवा हिचच्या काढता येणाऱ्या भागाला बांधलं तर तो भागच निसटल्यावर केबल त्याच्याबरोबर जाईल आणि पिन जागच्या जागी राहील. लांबी इतकी ठेवायची की काटकोनात वळतानाही ती ताणली जाणार नाही. आखूड केबलने पेट्रोल पंपावर वळताना पिन ओढली जाते आणि जीपची चाकं फरफटत येतात, हा प्रकार बराच सामान्य आहे.

आता ब्रेकचा बॉक्स. मागच्या गाडीला ब्रेक देण्याचे बरेच प्रकार आहेत. एअर ब्रेकच्या मोटरहोमला हवेच्या लाइनवरून चालणारी कायमची यंत्रणा बसवता येते, आणि डिझेल मोटरहोम असेल तर आम्ही तीच घ्या म्हणू. पेट्रोलवाल्यांत बहुतेकांकडे ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायचा बॉक्स दिसतो. पुढचं मोटरहोम मंदावल्याचं त्याच्या सेन्सरला कळतं आणि त्याचा दांडा जीपचं पेडल दाबतो.

तो बसवताना आधी पायाखालची मॅट काढायची, कारण मॅट सरकते आणि तिच्याबरोबर बॉक्सही. मग जीपचं इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, दगडासारखं कडक होईपर्यंत. बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागात) उरलेला व्हॅक्यूम असा संपवला नाही तर बॉक्सचा पहिला दणका गरजेपेक्षा कितीतरी जोरात बसतो. बॉक्सची ताकद कडक पेडलवरच ठरवायची. अपवाद हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा: त्यांतल्या काहींत इंजिन बंद असतानाही पेडल दाबलं की बूस्टर जागा होतो, म्हणून तिथे सेटिंग बरंच खाली लागतं. मॅन्युअल वाचल्याशिवाय अशा गाडीत बॉक्स ठेवू नये.

मग क्लॅम्प पेडलला अडकवायचा आणि सीट पुढे घेऊन बॉक्सच्या पाठीला नुसती टेकवायची. गोची इथेच होते. सीट दोन खटके जास्त पुढे आली की बॉक्स पेडलवर रेलतो. बाहेरून काही दिसत नाही. तपासायची पद्धत साधी: सगळं बसवून झालं की पेडलखाली बोटं घालून ते वर ओढायचं. किंचितही वर आलं तर ब्रेक आत्ताच थोडा लागलेला आहे. सीट एक खटका मागे घ्या आणि पुन्हा ओढून बघा.

इतका काटेकोरपणा कशाला, तर मागचा ब्रेक लागलाच नाही तर निदान पहिल्या उतारावर मोटरहोम ढकलल्यासारखं वाटतं. नको तेव्हा लागून राहिलेला ब्रेक मात्र कळतच नाही. अकरा टनांच्या गाडीला मागे घासणारे दोन पॅड म्हणजे काहीच नाही. इंजिन थोडं जास्त पेट्रोल पितं, बस. तिकडे डिस्क तापते, तिची उष्णता कॅलिपरमधून (पॅड दाबणाऱ्या भागातून) ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल २०५ अंश सेल्सियसला उकळतं, पण ते हवेतली ओल शोषतं आणि मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि बॉक्सने कितीही जोर लावला तरी पॅडपर्यंत काही पोचत नाही. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठीक, मेकॅनिकला काही सापडत नाही. म्हणून टोचन होणाऱ्या गाडीचं ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, मीटरवर मैल कमी दिसत असले तरी.

निघण्याआधी जीपचा ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये, ऑटोमॅटिक गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक सोडलेला. हे तिन्ही आम्ही एकमेकांना मोठ्याने विचारतो. मग एकाने मोटरहोम चालण्याच्या वेगाने पुढे घ्यायचं आणि दुसऱ्याने शेजारून चालत जीपची चारही चाकं फिरताहेत का बघायचं. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकच्या गाडीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण काही मॉडेल्समध्ये इंजिन बंद केलं की तो आपोआप पुन्हा लागतो. त्यानंतर ब्रेकअवेची पिन हाताने ओढून बघायची: जीपची चाकं अडली पाहिजेत. पिन परत बसवली की सुटली पाहिजेत. शेवटी पार्किंगमध्येच २० मैलांच्या वेगाने हलका ब्रेक. मोटरहोमच्या डॅशबोर्डवरचा बॉक्सचा लाल दिवा ब्रेक दाबल्यावर लागतो आणि पाय काढताच विझतो, तर निघायचं. मागून येणाऱ्यांना दिसणारे जीपचे ब्रेक लाइट पुष्कळदा मोटरहोमच्या वायरिंगवर चालतात. ते लागले म्हणून जीपचा ब्रेक लागला असं समजू नये.

आयडाहो स्प्रिंग्जपर्यंत रस्ता वर-खाली होतो, आणि तिथे पहिली तपासणी. लेसर दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतं. ते जीपच्या चाकाच्या फटीतून डिस्कवर धरायचं. आकड्यापेक्षा फरक बघायचा. डावी-उजवी जवळपास सारखी हवी. एकच पुढचं चाक बरंच तापलं असेल तर कॅलिपर चिकटलाय. पुढची दोन्ही मोटरहोमच्या चाकांहून गरम असतील तर बॉक्स पेडलवर रेललाय. टायरमधल्या हवेचा दाब आणि तापमान सांगणारे सेन्सर जीपच्या चाकांना लावले असतील तर हीच बातमी चालत्या गाडीत मिळते, आणि पंक्चरचीही, कारण मागचा टायर फाटला तरी पुढे पत्ता लागत नाही.

जॉर्जटाउन, सिल्व्हर प्लूम मागे पडतं आणि चढ सुरू होतो. दर हजार फुटांना पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी घटते, त्यामुळे बोगद्याशी पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेलेला असतो. उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे रांगायचं, दुसरा पर्याय नाही. लव्हलँड पासचा जुना रस्ता इथून डावीकडे फुटतो. धोकादायक माल नेणारे टँकर बोगदा सोडून त्याच रस्त्याने जातात.

बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच टो-हॉल मोड (ओझं ओढतानाचं गिअरचं सेटिंग) चालू आणि गिअर खाली. बाहेर सात टक्क्यांचा उतार लगेच लागतो. २६,००० पौंड वजन इथून सिल्व्हरथॉर्नला उतरवताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती वीज बिलाच्या भाषेत २० युनिट, त्यातली साडेतीन एकट्या जीपची. वाऱ्याचा अडथळा थोडी खातो, उरलेली इंजिनाने खायची, ब्रेकने कमीत कमी. आपल्याकडे घाटात न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवायची जी खोड आहे ती इथे जीव घेईल. ट्रकवाल्यांचं जुनं शहाणपण मात्र लागू पडतं: ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, जमलं तर एक आणखी खाली. इंजिन साडेतीन-चार हजार आरपीएमवर ओरडतं. ओरडू द्या.

आम्ही ताशी ४५ मैलांची मर्यादा ठरवतो. काटा ४५ ला टेकला की ठाम ब्रेक, तीनेक सेकंदांत ४० वर, आणि पाय पूर्ण काढायचा. अमेरिकेत ट्रकचालकांच्या परवान्याच्या पुस्तिकेतही हेच शिकवतात. पाय हलकेच ठेवून उतरलात तर पॅडला थंड व्हायला वेळच मिळत नाही, आणि मागचा बॉक्सही पेडल सोडत नाही.

उतारावर सेन्सर का फसतो हे समजून घेण्यासारखं आहे. सेन्सरला फक्त पुढच्या दिशेचा ओढा कळतो. सात टक्क्यांच्या उतारावर गाडी एकाच वेगाने चालली असली तरी गुरुत्वाकर्षणामुळे त्याला ०.०७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या सात टक्के) इतका ओढा जाणवतो, म्हणजे सपाटीवरच्या हलक्या ब्रेकइतका. समजा सपाटीवर बॉक्स ०.१ जी ला चालू होईल असा लावलाय. मग इथे त्याला फक्त ०.०३ पुरेल, आणि तेवढा ओढा गिअर खाली पडला तरी येतो. तुम्ही पेडलला हात, नव्हे पाय, लावलेला नसताना मागे ब्रेक. उतारभर. चढावर नेमकं उलटं, तो उशिरा जागा होतो. काही बॉक्स हा फरक स्वतः भरून काढतात. ज्यांत ती सोय नाही त्यांची संवेदनशीलता डोंगरात एक पायरी खाली आणायची, आणि लाल दिवा आपल्या पायाशी जुळतो का हे बघत राहायचं. पाय वर असताना दिवा लागला तर पुढच्या सुरक्षित जागी थांबून सेटिंग बदलायचं.

डिझेलवाल्यांना आणखी एक फाटा. काही मोटरहोममध्ये एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी मंदावणारी सोय) चालू केला की ब्रेक लाइटही लागतात. ब्रेक लाइटचा सिग्नल आणि ओढा, दोन्ही बघून चालणाऱ्या यंत्रणेला मग खात्रीच पटते की ड्रायव्हरने ब्रेक दाबलाय.

या उतारावर ट्रकांसाठी बारीक खडीचे रॅम्प आहेत, त्यात गाडी रुतून थांबते. ब्रेक गेले असतील तर मोटरहोमनेही बेलाशक तिकडे शिरावं. पुढचं पाहून घेता येतं.

सिल्व्हरथॉर्नला एक्झिट २०५ ने बाहेर पडून दुसरी तपासणी. डिस्क तापलेल्या असणारच. जळका वास, धूर किंवा डाव्या-उजव्यात मोठा फरक नसेल तर वीस-पंचवीस मिनिटं नुसतं थांबायचं. गरम डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तडकते. याच वेळी जीपची बॅटरी बघून घ्यायची. बॉक्स, ब्रेक लाइट, चावी पहिल्या खटक्यावर ठेवावी लागत असेल तर तीही, सगळे मिळून दिवसभरात बॅटरी खाली आणतात. व्होल्टेज पडलं की बॉक्स अर्धवट दाबतो किंवा गप्प बसतो. मोटरहोमकडून १२ व्होल्टची फ्यूज लावलेली चार्जिंग वायर एकदा टाकून घेतली की हा विषय संपतो.

व्हेल पासचा उतार त्याच पद्धतीने. माथ्यावर विश्रांतिस्थळ आहे, तिथे उतरण्याआधी पेडल पुन्हा एकदा वर ओढून बघावं, कारण एवढ्या धक्क्यांनंतर बॉक्स सरकलेला असू शकतो. ग्लेनवूड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीच्या कडेने रस्ता सौम्य होतो आणि ब्रेकना आराम मिळतो.

ग्रँड जंक्शनला कॅम्पग्राउंडमध्ये शिरताना आधी वाट बघून घ्या. टो बार जोडलेला असताना मागे घेता येत नाही. काही फुटांतच जीपची चाकं आडवी होतात आणि बार वाकतो. चुकीच्या गल्लीत अडकलात तर जीप सोडणं हाच उपाय. सोडतानाचा क्रम असा: सपाट जागा, आधी जीपचा हँडब्रेक, मग बॉक्स काढून बाहेर, मग वायर आणि ब्रेकअवे, मग सेफ्टी केबल, सगळ्यात शेवटी टो बारच्या पिना. पिन निघत नसेल तर हातोडा मारण्याआधी जीपचं स्टिअरिंग थोडं फिरवून ताण काढा. बॉक्स पेडलवर असताना इंजिन सुरू करायचं नाही, बूस्टर जागा झाला की त्याच जोराने तिप्पट ब्रेक लागतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलमधून काढला की कॅम्पग्राउंडमध्येच दहाच्या वेगाने दोनदा ब्रेक दाबून बघा, आणि मगच गावात जेवायला निघा.