क्रेम मॉमलूह: कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कंबरभर पाण्यातून

मेघालयात सोहराच्या (म्हणजे चेरापुंजीच्या) आसपास गुहा दोन तऱ्हेने बघता येते. एक मॉसमाईसारखी. तिकीट काढायचं, विजेच्या दिव्यांत जेमतेम दीडशे मीटर चालायचं, दोन-तीन ठिकाणी अंग चोरायचं आणि पलीकडून बाहेर पडायचं. दुसरी मॉमलूहसारखी (‘क्रेम’ म्हणजे खासी भाषेत गुहा). काही किलोमीटर लांब, आत दिवे नाहीत, बांधलेली वाट नाही, आणि आतून पाणी वाहतं त्यातूनच जायचं. हा वृत्तांत दुसऱ्या तऱ्हेचा आहे. मात्र आदल्या दिवशी मॉसमाई जरूर करा. तिथल्या चिंचोळ्या जागेत घाम फुटला, तर मॉमलूहला जाऊ नका. त्यात कमीपणा काही नाही. आत दोन तास चालल्यावर ते कळण्यापेक्षा बाहेरच कळलेलं बरं.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलपासून वळवाचा पाऊस सुरू होतो आणि मग गाइड हो म्हणाला तरी जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. सोहराचा वार्षिक पाऊस सरासरी 11,000 मिलिमीटरच्या वर. हे पाणी चुनखडीत हळूहळू मुरत बसत नाही, भेगांतून आणि विवरांतून थेट खाली उतरतं. त्यामुळे पाऊस दूरच्या टेकडीवर पडला तरी आतलं पाणी बघता बघता चढू शकतं. आत शिरल्यावर छताजवळच्या खाचांकडे बघा. तिथे वाळकं गवत, काटक्या, प्लास्टिक अडकलेलं दिसलं, तर पुराचं पाणी तिथपर्यंत येतं हे लक्षात घ्या. चालत असताना स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, पानं किंवा फेस वाहत येऊ लागला, किंवा पाण्याचा आवाज वाढला, तर तिथूनच परत फिरायचं. आणि बाहेरची वाट पाण्याने बंद झाली असेल, तर पोहून बघायचं नाही. उंचावरची कोरडी जागा शोधून बसायचं. 2018 च्या जूनमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले ते अशाच पुराने, आणि वाचले ते आतल्या उंच जागी थांबल्यामुळे.

गुवाहाटी ते शिलाँग सुमारे 100 किलोमीटर, गर्दी धरून साडेतीन-चार तास. शिलाँग ते सोहरा आणखी 55, म्हणजे दोन तास. शिलाँगहून सकाळी निघून त्याच दिवशी गुहा उरकण्याचा बेत करू नका. हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गुहेतून ओल्या कपड्यांनी अंधारात, वाऱ्यात बाहेर येणं हा दिवसातला सगळ्यात वाईट भाग ठरतो. मुक्काम सोहरातच करा, आठ-साडेआठला गुहेच्या तोंडाशी असा. रविवारी चर्चमुळे गावं बंद असतात, तो दिवस सोडून द्या.

जमीन आणि गुहा गावाच्या अखत्यारीत असतात, त्यामुळे परवानगी गावच्या दरबारातून, म्हणजे गावसभेकडून, आणि वाटाड्या गावातलाच, हा तिथला रिवाज आहे. पुरुषांना ‘बाह’ आणि बायकांना ‘काँग’ म्हणून हाक मारली की बोलणं सोपं जातं. पैसे ठरवण्याआधी चार प्रश्न विचारा: गेल्या तीन दिवसांत वर पाऊस झाला का, आज सर्वांत खोल पाणी कुठपर्यंत आहे, एका गाइडमागे किती माणसं, आणि जास्तीचे दिवे किती. एका गाइडमागे पाच-सहापेक्षा जास्त माणसं असतील तर वेगळा ग्रुप करा. दुसऱ्या टोकाला, चारपेक्षा कमी माणसांनीही आत जायचं नाही. एकाला लागलं तर एक जवळ थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात, असा तो साधा हिशेब आहे.

आता सामान. सह्याद्रीत फिरणारे इथे पहिली चूक कपड्यांत करतात. सुती टी-शर्ट आणि जीन्स भिजली की वाळतच नाही. गुहेतलं तापमान त्या भागाच्या वार्षिक सरासरीइतकं असतं, म्हणजे इथे साधारण 17-18 अंश. ऐकायला सुखद वाटतं, पण पाणी अंगातली उष्णता हवेच्या 20-25 पट वेगाने ओढून घेतं. पूर्ण बाह्यांचा पॉलिस्टरचा शर्ट, वर पातळ फ्लीस, सरळ पायांची पटकन वाळणारी पँट. पाणी कंबरेच्या वर असेल आणि तीन तासांपेक्षा जास्त आत राहायचं असेल, तर 3 मिलिमीटरचा निओप्रीनचा, म्हणजे ओल्यातही ऊब धरणाऱ्या रबरी कापडाचा, सूट हवा. निदान निओप्रीनचे मोजे तरी घ्याच.

हेल्मेट गिर्यारोहणाचं, हनुवटीखाली पट्टा असलेलं. मोटरसायकलचं चालत नाही, ते जड असतं आणि मान वर करू देत नाही. दिवे माणशी तीन, आणि तिन्ही स्वतंत्र. मुख्य हेडलॅम्प हेल्मेटला घट्ट बांधलेला आणि आयपीएक्स 7 किंवा 8 दर्जाचा, म्हणजे पाण्यात बुडाला तरी टिकणारा. दुसरा हेडलॅम्पच, गळ्यात अडकवलेला, कारण चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. तिसरा छोटा टॉर्च बॅगेत. मोबाइलचा उजेड यात धरायचा नाही. घरी दिवा पूर्ण चार्ज करून, गुहेत वापराल त्याच प्रखरतेवर चालू ठेवा आणि मंद व्हायला किती तास लागतात ते बघा. डब्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा सर्वांत मंद उजेडाचा असतो.

गुडघ्यांच्या पॅडवर कंजुषी नको. बाहेरून कडक प्लास्टिक असलेले पॅड ओल्या दगडावर घसरतात आणि दहा मिनिटांत पोटरीवर उतरतात. व्हॉलीबॉलवाले वापरतात तसे जाड फोमचे घ्या आणि पँटच्या आतून घाला. कोपरांनाही तेच. हातात रबराचा थर असलेले बागकामाचे मोजे. पायात खोल खाचांच्या तळव्याचे, घोट्यापर्यंत लेस बांधायचे कॅनव्हासचे बूट. गमबूट चिखलात उत्तम, पण गुडघ्यावर पाणी आलं की भरतात आणि प्रत्येक पाऊल जड होतं. सँडल चिखलात रुतून राहते आणि पाय तेवढा वर येतो.

सॅक अरुंद, नळकांड्यासारखी, बाहेर एकही लोंबता पट्टा नसलेली. आत माणशी एक लिटर पाणी, खजूर-चिक्की, शिट्टी, क्रेप बँडेज, दोन मोठ्या कचऱ्याच्या पिशव्या, एक मेणबत्ती आणि लायटर. पिशव्या आणि मेणबत्ती कशाला? कोणी गारठलं किंवा पाय मुरगळला, तर त्याला सॅकवर बसवायचं म्हणजे थंड दगडाला अंग लागत नाही. पिशवीच्या तळाला चेहऱ्यापुरतं भोक पाडून ती डोक्यावरून घालायची आणि पेटती मेणबत्ती आत, पायांमध्ये धरायची. पिशवीत लवकरच ऊब धरते. चेहरा मात्र पिशवीबाहेरच राहिला पाहिजे. लघवीसाठी बाटली वेगळी ठेवा. आत काही टाकायचं नाही म्हणजे काहीच नाही.

प्रत्यक्ष वाटेवर पहिली परीक्षा रांगण्याची. वाकून चालावं लागतं तिथे मांड्या आणि कंबर भरते, हातापायांवर रांगताना गुडघे, आणि पोटावर सरकताना खांदे. यातलं शेवटचं तंत्र शिकून घ्यावं लागतं. दोन्ही हात पुढे ताणले की खांदे रुंद होतात आणि अडकतात. एक हात पुढे, दुसरा मांडीला चिकटवून मागे, म्हणजे खांद्यांची रेघ तिरकी होते आणि माणूस काही सेंटिमीटरने अरुंद होतो. मान एका बाजूला वळवायची. हाताने ओढून जोर वाया घालवू नका, पायाच्या बोटांनी ढकला. सॅक पुढे सारा, नाहीतर दोरीने घोट्याला बांधून मागून ओढा. पुढची वाट खाली उतरत असेल तर आधी पाय घाला. डोकं खाली करून उतारावर अडकलं की आपलंच वजन आणखी आत घुसवतं आणि मागे येता येत नाही.

अडकलाच तर थांबा. बहुतेक वेळा छाती नाही, पट्ट्याचं बक्कल, खिशातला मोबाइल किंवा हेल्मेटमागची बॅटरी अडकलेली असते. म्हणून आत शिरण्याआधीच खिसे रिकामे करायचे. घाबरून भराभर श्वास घेतला की छाती फुगते आणि जागा आणखी घट्ट होते. हळूहळू पूर्ण श्वास सोडा, सोडता सोडता दोन बोटं सरका, थांबा, पुन्हा श्वास घ्या. पुढचा माणूस पलीकडे जाऊन ‘मोकळं’ असं ओरडेपर्यंत मागच्याने आत शिरायचं नाही. दोघं एकामागोमाग घुसले की पुढच्याला मागे यायची वाटच उरत नाही.

पाण्यात पहिल्यालाच तळ दिसतो. त्याच्या पायांनी गाळ उठला की मागच्या सगळ्यांना नुसता चहाचा रंग. तेव्हा पाऊल उचलून टाकू नका, सरकवत न्या, आणि पुढच्याने खड्डा सांगितला की तो निरोप शेवटच्यापर्यंत पोचवा. लाइफ जॅकेट छातीभर पाण्यात हवंच, पण रांगण्याच्या जागी ते अडकतं, म्हणून तिथे काढून पुढे ढकलायचं. उडी कुठेही मारायची नाही. घोटा मोडायला हीच जागा सर्वांत सोपी, आणि इथून स्ट्रेचर बाहेर काढणं म्हणजे कित्येक माणसांचं कित्येक तासांचं काम.

मोठमोठ्या शिळांवरून जाताना हातपाय मिळून तीन आधार कायम टेकलेले हवेत. आधारासाठी लवणस्तंभाला हात घालण्याचा मोह होतो, नेमक्या हाताच्या उंचीवर असतात. तो टाळा. एक तर ते मोडतात. दुसरं, हाताचं तेल लागलं की त्या जागी पुढचा थर नीट धरत नाही. याच गुहेतल्या एका ऊर्ध्वमुखी स्तंभाच्या थरांवरून सुमारे 4,200 वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाला 2018 मध्ये ‘मेघालयन’ हे नाव अधिकृतपणे मिळालं. त्या काळातला मोठा दुष्काळ त्या थरांत नोंदला गेला आहे.

प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा, कारण परतताना तोच बोगदा वेगळा दिसतो. शेवटचा माणूस येईपर्यंत फाट्यावरून कोणी हलायचं नाही. खडूचे बाण काढू नयेत. खुणेला चमकत्या पट्ट्या लावल्या तर परतताना उचलायच्या.

परतीची वेळ आत शिरतानाच ठरवा. ठरलेल्या एकूण वेळेच्या एक तृतीयांशाला मागे फिरायचं, मग समोर कितीही सुंदर दालन असो. येताना गुडघे सोललेले असतात, अंग गार असतं आणि जाताना सहज उतरलेला चिखलाचा उतार आता चढायचा असतो. थंडीवर नजर ठेवणं हे लीडरचं खरं काम. कुडकुडणारा दिसतो, त्याची चिंता कमी. आतापर्यंत बडबड करणारा गप्प झाला, बक्कल लावताना बोटं चुकायला लागली, तर त्याला अंगठा करंगळीला टेकवायला सांगा. जमत नसेल तर सगळ्यांचीच सहल तिथे संपली. खायला थांबलात तर दहा मिनिटांत उठा.

दोर लागणाऱ्या गुहा ही पुढची पायरी, आणि जैंतिया टेकड्यांत अशी खोल विवरं आहेत. रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणं, येतं म्हणून तिथे जाऊ नका. उतरणं सोपं आहे, पण तेवढाच दोर चढूनही यावं लागतं. छातीवरचा आणि हातातला क्लँप (दोरावर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड) वापरून चढणं, अधांतरी चढण्यावरून उतरण्यावर येणं, दोर मध्येच दुसऱ्या अँकरला बांधलेला असेल तिथे ओलांडणं, हे तिन्ही उजेडात, कोरड्या कड्यावर, न बघता जमेपर्यंत सराव हवा. दोरावरून उतरायला वापरतात ती इंग्रजी 8 च्या आकाराची कडी इथे निकामी. दोर घालताना ती हार्नेसपासून (कंबर-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांपासून) सोडावी लागते, हातातून पडते, आणि दोराला पीळ देते. दोराच्या खालच्या टोकाला गाठ नसेल तर कोणीही उतरू नये. कोणी दोरावर निश्चल लोंबकळत राहिला तर त्याला मिनिटांत खाली घ्या. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकल्याने शुद्ध हरपते, आणि ते जिवावर बेतू शकतं.

आत मोबाइल चालत नाही. म्हणून बाहेरच्या एका माणसाकडे लेखी द्या: कोणत्या गुहेत, कोणत्या तोंडातून, किती जण, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर गावकऱ्यांना उठवायचं. 112 ला फोन करायचाच, पण आधी पोचणार आहेत ते गावातलेच. बाहेर आलात की त्या माणसाला कळवायला विसरू नका. सुखरूप जेवत बसलेल्या ग्रुपला शोधायला गाव रात्री बाहेर पडतं, ते याच विसरण्यामुळे.

कोरडे कपडे आणि टॉवेल गाडीत ठेवा, आत नेऊ नका. बूट, पॅड, दोर वाहत्या ओढ्यात धुऊ नका. चिखल बादलीत काढा आणि दुसऱ्या गुहेत जाण्याआधी सगळं पूर्ण वाळवा, एका गुहेतली बुरशी दुसरीतल्या वटवाघळांपर्यंत जायला नको. वटवाघळांची कोरडी विष्ठा जिथे साठलेली असते तिथे धूळ उडवू नका, मास्क असेल तर लावा. त्या धुळीतल्या बुरशीने हिस्टोप्लास्मोसिस होतो. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं सुरू झालं, तर गुहेत गेला होतात हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारणार नाहीत, आणि एक्स-रेवर ते सहज न्यूमोनिया किंवा टीबीसारखं दिसतं.