मालवण ते देवगड होडीने: २० लिटर पेट्रोलचे ३५ कसे झाले

"वीस लिटरात आरामात जातलास," होडीचा मालक जेटीवर छातीठोक म्हणाला होता. देवगडला उतरून कॅनमध्ये पट्टी बुडवून पाहिलं, ३५ गेले होते. वरच्या १५ लिटरना दीडशेचा भाव लावला आणि टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल वेगळं. ५० लिटरला १ लिटर या हिशेबाने ते ७०० मिली होतं, पैसे पूर्ण लिटरचे घेतले. मी विचारलं तर म्हणे, "वारो उठलो तर आमी काय करतलव?"

वाऱ्याचं त्याचं खरं होतं, म्हणूनच जास्त राग आला. मार्चमध्ये सकाळी समुद्र तव्यासारखा सपाट असतो, दुपारकडे वायव्येचा वारा उठतो आणि उत्तरेला जाणाऱ्याच्या थेट तोंडावर येतो. आम्ही घावणे खात बसलो आणि ११ वाजता सुटलो.

आचऱ्यापर्यंत ठीक होतं. तिथून कुणकेश्वरपर्यंतचा पट्टा आयुष्यात विसरणार नाही. ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, फायबरची होडी, सहा माणसं. सपाट पाण्यात ती वेगाने पाण्यावर उचलली जाते आणि १५ नॉटने, म्हणजे तासाला १५ सागरी मैलांनी सुटते, २० सागरी मैल सव्वा-दीड तासात. लाटेत मात्र उचललीच जाईना. नाक आभाळात, बूड पाण्यात, वेग जेमतेम ८ नॉट आणि थ्रॉटल तरी जवळजवळ पूर्ण. इंजिन तासावर पेट्रोल पितं, मैलावर नाही, हे तेव्हा कळलं. कुणकेश्वराचा कळस तासभर तिथल्या तिथेच. पाठीचं तर विचारूच नका.

परतीला डिझेलची मच्छीमार बोट मिळाली. आवाज, धूर, ६ नॉट, साडेतीन तास. पाठीवर वारा होता, झोपलो. १४ लिटर लागलं.

जाणाऱ्यांनी हिशेब स्वतः करावा. पूर्ण जोरावर जुनं टू-स्ट्रोक दर हॉर्सपॉवरला तासाला साधारण ०.४ लिटर खातं, फोर-स्ट्रोक ०.३, डिझेल ०.२ च्या आसपास. म्हणजे आमचं ४० चं इंजिन तासाला १६. किती तास लागतील ते वाऱ्यासकट धरा, किती मैल हे विचारून उपयोग नाही. एक तृतीयांश इंधन जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं हात न लावता ठेवायचं. आणि भाव लिटरवर ठरवू नका, फेरीचा ठरवा, ऑइलसकट. निघताना कॅनमध्ये पट्टी घालून त्याच्यासमोर खूण करा. मालकाला राग आला तर दुसरी होडी बघा, जेटीवर कमी नाहीत.

सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंतच जायचं असेल तर पेट्रोल चालेल. देवगडला सकाळी ७ नंतर पेट्रोलच्या होडीत मी तरी पाय ठेवणार नाही.