थंड माप

मागील महिन्यातील शटडाऊनमध्ये (देखभालीसाठी प्लांट बंद असताना) एका हीट एक्स्चेंजरचा, म्हणजे एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राचा, बेलो (वळ्यावळ्यांचा, ताणला जाऊ शकणारा पातळ धातूचा जोड) तपासण्यापूर्वी मी त्याची जुनी फाईल उघडली, तेव्हा लागोपाठच्या तीन अहवालांत एकच शेरा आढळला : ‘बेलो – स्थिती समाधानकारक.’ वळ्या किती, लांबी किती, ती गरम अवस्थेत मोजली की थंड, मुळात इन्सुलेशन उतरवले होते की नाही, याचा कोठेही उल्लेख नव्हता.

या एक्स्चेंजरच्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या आणि शेल, म्हणजे नळ्यांभोवतीचे बाहेरचे कवच, कार्बन स्टीलचा आहे. सहा मीटर लांबीत नळ्यांचे तापमान १२० अंशांनी आणि शेलचे ८० अंशांनी वाढले, तर नळ्या सुमारे १२ मिलिमीटर वाढतात आणि शेल जेमतेम ६. हा फरक बेलोने ताणले जाऊन सामावून घ्यावा, म्हणून तर तो शेलमध्ये बसवलेला असतो. इन्सुलेशन उतरवल्यावर मात्र दिसले की, वाहतुकीत बेलो हलू नये यासाठी लावलेले पिवळे रॉड नटांसह जागच्या जागी घट्ट होते. म्हणजे इतकी वर्षे बेलो ताणला गेलाच नव्हता, आणि दर शटडाऊनला ट्यूबशीटपाशी (नळ्यांची टोके जिच्यात बसवतात त्या जाड चकतीपाशी) नळ्यांची टोके का गळतात, या जुन्या कोड्याचे उत्तर बहुधा तेथेच होते. ‘समाधानकारक’ लिहिणाऱ्याने इन्सुलेशनवरच्या क्लॅडिंगचा पत्राच पाहिला असावा.

बेलोचा पत्रा शेलच्या मानाने फारच पातळ असतो. त्यामुळे ग्राइंडरचा ओरखडा, वेल्डिंगचा उडालेला थेंब किंवा शिडी टेकल्याने आलेला पोचा या शेलवर दुर्लक्षिता येणाऱ्या गोष्टी बेलोवर जागेसह नोंदवाव्या लागतात. भिजलेल्या इन्सुलेशनमधील क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला पडणाऱ्या केसासारख्या भेगा नुसत्या डोळ्यांना दिसतीलच असे नाही, म्हणून वळ्यांच्या वेल्डची डाय पेनिट्रंट टेस्ट (रंगीत द्रव भेगांत मुरवून त्या उघड करणारी चाचणी) केली. लांबी एकाच बाजूने मोजणे मला मान्य नाही. घड्याळातील बारा, तीन, सहा आणि नऊ या चार जागी मोजल्यावरच बेलो सरळ आहे की तिरका, हे कळते.

१ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे झालेल्या स्फोटात २८ माणसे दगावली. तेथे काढून टाकलेल्या रिअ‍ॅक्टरच्या जागी दोन बेलोंच्या मध्ये २० इंची वाकडा पाइप बसवला होता, आणि त्याचे एकमेव रेखाचित्र वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेले होते. त्या खडूच्या रेघांची मला आमच्या फाईलमधील एका शब्दापाशी आठवण झाली.

रॉड काढून चारही मापे घेतली, शेलवर पंचाच्या खुणा केल्या आणि त्या खुणांपाशी इन्सुलेशनला उघडता येणारे झाकण ठेवायला सांगितले. प्लांट तापला की त्याच खुणांवर गरम माप घ्यायचे आहे.