तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, जरा गोडीनं घेतलं असतं तर?"

पाच वर्षं सरपंच होते. पद गेलं, पण लग्नात, एसटीत कुणीतरी विचारतंच, "ताई, काम चांगलं केलंत, पण जरा गोडीनं घेतलं असतं तर?"

घेतलं होतं. पहिलं अख्खं वर्ष.

पंचायतीत बायकांना देशभर आरक्षण आलं १९९३ साली, आपल्या राज्यात ते निम्म्यावर गेलं २०११ मध्ये. आमच्या घरात ते पोचलं ते असं: "अर्ज तुझा, बाकीचं आम्ही बघतो." त्या वर्षी गावात माझ्याइतकी चांगली बाई नव्हती. सभेचे ठराव लिहायचं प्रोसिडिंग बुक घरी यायचं, शिपाई बोट ठेवेल तिथे मी सही करायची. मासिक सभेत मिस्टर शेजारी बसून बोलायचे, मी चहाचं बघायची. एक जुने सदस्य म्हणाले होते, "वहिनी म्हणजे गरीब गाय." खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.

मग एकदा शिपायाला फोन आला, तो बोलत ओट्यावर गेला, तेवढ्यात मी सहज ठराव वाचला. आमच्या आळीत गटार पूर्ण झाल्याचा होता. सकाळीच मी तिथलं सांडपाणी ओलांडून आले होते. एवढंच म्हणाले, "आधी मोजून बघू, मग सही करते." आवाजही चढवला नव्हता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, बाई शेफारली.

खरं वाजलं ते पाण्यावरून. उन्हाळ्यात नळ तिसऱ्या दिवशी यायचा. वरच्या आळीतले नळाला थेट मोटर लावून ओढायचे आणि खालच्या वस्तीत करंगळीएवढी धार. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते. आमच्याकडे ती घरोघर सह्या गोळा करून व्हायची. मी ती खरोखरची भरवली, समाजमंदिरात. बायका हंड्यांवरून जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोटरी काढायचं ठरलं, पुढे ग्रामसभेत तसा ठराव झाला.

पहिलीच मोटर निघाली माझ्या चुलत दिरांची. दोनदा हात जोडून सांगितलं. तिसऱ्यांदा पाणी सोडणाऱ्या माणसाला घेऊन गेले आणि मोटर उचलून पंचायतीत ठेवली. सासूबाई दारात उभ्या. "मोटर परत दे, मग घरात ये." मागच्या दारानं आत गेले, भाकरी थापायला बसले. भावकीत वर्षभर आम्हाला जेवायचं आवतण नव्हतं. माझ्या आधीचे सरपंच भर सभेत टेबल बडवायचे. त्यांना वाघ म्हणायचे, असो.

चुकले नाही असं नाही. एकदा अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना उशीर झाला म्हणून चारचौघांत फाडून बोलले. त्यांचं पोर तापानं फणफणलं होतं, मी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तिथे गोडीनं घ्यायला हवं होतं, हे मान्य. पण मला विचारणाऱ्यांपैकी एकानंही आजवर त्या बाईंचं नाव काढलेलं नाही. सगळे मोटरीचंच विचारतात.

ती मोटर अजून पंचायतीतच आहे. आत्ताच्या सरपंचही बाईच. परवा त्यांचा फोन आला, "काकी, तुमच्या दिरांची सून मोटर मागायला आलीय. देऊ का?"

म्हटलं, "दंडाची पावती आहे का विचार."