तुम्ही विचारलंत म्हणून : स्टालिनग्राडला अडकलेले जर्मन वेढा फोडून बाहेर का आले नाहीत?

"काका, अडीच लाखांची फौज होती. मग वेढा फोडून बाहेर का नाही आले?"

परवा वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीनं विचारलं. त्याआधी सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी विचारलं होतं, माझ्या भाच्यानं विचारलं होतं. स्टालिनग्राडवर कुठंही बोललो की शेवटी हाच प्रश्न येतो. दर वेळी घाईत अर्धंमुर्धं सांगून निघतो. आज सगळं सांगतो.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली, १९४२च्या हिवाळ्याची. जर्मनांची सहावी फौज व्होल्गाकाठच्या त्या शहरात घराघरासाठी लढत अडकून पडली होती. तिच्या दोन्ही बगला रुमानियन फौजांवर सोपवलेल्या. त्यांच्याकडे रणगाडे थोपवतील अशा तोफा फारच थोड्या. १९ नोव्हेंबरला रशियन उत्तरेकडून तुटून पडले, २० तारखेला दक्षिणेकडून. २२ ला पहाटे कलाचचा डॉन नदीवरचा पूल त्यांच्या हाती आला. त्यांची गाडीदिवे लावून आलेली छोटी तुकडी पहारेकऱ्यांना आपलीच वाटली. २३ ला दोन्ही टोकं पाठीमागे जुळली आणि अडीच लाखांहून जास्त माणसं आत राहिली.

हिटलरनं बाहेर पडायला मनाई केली आणि सेनापती पॉलुसनं ती मोडली नाही, हे खरंच आहे. पुस्तकं बहुतेक तिथं थांबतात. पण माझी अडतीस वर्षं रेल्वेच्या मालवाहतुकीत गेली. किती वाघिणी (मालाचे डबे) आल्या, किती रिकाम्या झाल्या, किती पोती कुठं उतरली, हेच काम. त्यामुळं मला त्या हुकुमाच्या मागं एक हिशेब दिसतो. तो हिशेब ज्या दिवशी चुकला, त्याच दिवशी ती फौज संपली होती असं माझं ठाम मत आहे. शरणागती फार नंतरची.

डिसेंबरात सोडवायला आलेले जर्मन रणगाडे मिश्कोवा नदीपर्यंत पोचले होते. तिथून वेढ्याची कड साधारण ४८ किलोमीटर. हे अंतर सांगितलं की आपली माणसं हमखास म्हणतात, "एवढंच? सोलापूर ते तुळजापूर!" बरोबर आहे. कोजागिरीला आपल्याकडं बायाबापड्या अनवाणी, रातोरात चालत तेवढं अंतर कापतात. पण त्या रात्रीचा रस्ता डोळ्यांपुढं आणा. पावलोपावली मांडव, कुठं साबुदाण्याची खिचडी, कुठं दूध, कुठं केळी, पाय दाबून देणारी पोरं. त्या वाटेवर लोकांना अख्खा जिल्हा चालवत नेतो. आणि चालणारे घरून जेवून निघालेले असतात.

वेढ्यातल्या माणसाला डिसेंबरच्या अखेरीस दिवसाला मिळणारा पाव शंभर ग्रॅमच्याही खाली गेला होता. माझ्या घरी स्वयंपाकाचा काटा आहे. त्यावर आमची कडक भाकरी ठेवून पाहिली, ऐंशी ग्रॅम भरली. म्हणजे दिवसाला एक कडक भाकरी, सोबत घोड्याच्या मांसाचं पातळ पाणी, तेही मिळालं तर. बाहेर शून्याखाली वीस-पंचवीस अंश थंडी. त्यांच्या रणगाड्यांत पेट्रोल उरलं होतं जेमतेम तीस किलोमीटरचं. सोलापुरातून निघून तामलवाडीच्या थोडं पुढं जाऊन गाडी बंद पडावी तसं. आणि तोफा ओढायला घोडे नव्हते. चित्रपटात जर्मन फौज सगळी यंत्रांवर चालताना दिसते, प्रत्यक्षात ती घोड्यांवर चालत होती. त्या घोड्यांचा चारा आणायला रेल्वे पुरेना, म्हणून थंडीआधी बहुतेक घोडे मागं पाठवून दिले होते. बाहेर पडायचं तर तोफा, दारूगोळा आणि हजारो जखमी बर्फात टाकून निघायचं होतं.

रेल्वे का पुरेना? हे मला आमच्या कुर्डुवाडीनं शिकवलं. माझं लहानपण तिथलं. बार्शी लाइटची अडीच फुटी छोटी गाडी तिथं ब्रॉडगेजला मिळायची. एका गाडीचा माल दुसऱ्या गाडीत जाईल तो हमालाच्या पाठीवरूनच. वडील तिथं ट्रान्शिपमेंटला होते. फलाटाच्या एका बाजूला मोठी वाघीण, दुसऱ्या बाजूला छोटी, मधे लाकडी फळी आणि त्या फळीवरून दिवसभर माणसांची ओळ. तेव्हा पोतं शंभर किलोचं असे. रूळ बदलतो तिथं माल तुंबतो, हे मी शाळेत जायच्या आधी पाहिलं.

रशियाचा रूळ युरोपच्या रुळाहून साडेतीन इंच रुंद. जर्मनांना तो हजारो किलोमीटर उखडून आत सरकवावा लागला. सरकवला तरी रशियन इंजिनांच्या पाणीटाक्या फार लांब लांब, जर्मन इंजिनाला तेवढं पाणी पुरेना. या सगळ्यातून रडतखडत येणाऱ्या मार्गाचं टोक होतं चीर नावाचं स्टेशन, डॉनच्या अलीकडं. तिथून पुढं ट्रक आणि गाड्या. म्हणजे वेढा पडण्याच्या आधीच ती फौज हातातोंडाची गाठ घालत होती. साठा असा नव्हताच. वेढा पडला तेव्हा चीरही गेलं आणि कलाचचा पूलही.

आता विमानांचं. हिटलरला त्याच्या हवाई दलाचा सर्वेसर्वा गोअरिंगनं सांगितलं, मी हवेतून पुरवतो. दिवसाला ५०० टन. फौजेची खरी गरज त्याहून जास्त होती. आधी ७५० मागितले होते. पाचशे टन म्हणजे किती, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही, म्हणून मी माझ्या भाषेत सांगतो. आज मालधक्क्यावर लागणाऱ्या एका वाघिणीत साठएक टन धान्य बसतं. पाचशे टन म्हणजे आठ-नऊ वाघिणी. एका पूर्ण रेकमध्ये अशा बेचाळीस. म्हणजे एक रेक, जी आमचे हमाल दिवसभरात खाली करतात, ती त्या फौजेला पाच दिवस पुरली असती. एक मालगाडी! तेच विमानानं न्यायचं तर युंकर्स विमानात दोन टन बसतात. रोज अडीचशे फेऱ्या, धुक्यात, बर्फात, खालून तोफा चालू असताना, जेमतेम एका बऱ्या धावपट्टीवर.

प्रत्यक्षात सरासरी शंभर टनांच्या आसपास पोचलं. पाचशेचा आकडा एकाही दिवशी गाठला नाही. शंभर टन अडीच लाखांत वाटून पाहा. माणशी चारशे ग्रॅम. त्या चारशे ग्रॅममध्ये पाव, पेट्रोल, तोफगोळे, मलमपट्टी, सगळं.

हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. हवाई दलाचा तिथला प्रमुख रिश्टहोफेन हे जमणार नाही असं सांगत होता. वेढ्यातल्या झाइडलिट्झ या सेनानीनं २५ नोव्हेंबरलाच लेखी दिलं की पुरवठ्याचा विचार करता ताबडतोब बाहेर पडणं हाच मार्ग. पण वर्षाच्या सुरुवातीला देम्यान्स्कला लाखभर जर्मन वेढ्यात असताना त्यांना विमानांनी महिनोन्महिने जगवलं होतं. तिथं दिवसाला तीनशे टन पुरले. तेवढ्या एका यशावर अडीच पट माणसांचा जीव टांगला. माझा राग त्या गोअरिंगवर आहे. लढाई हरणारा सेनापती मी समजू शकतो. जो आकडा आपल्याकडं नाही तो आपल्याकडं आहे म्हणून कागदावर लिहिणारा माणूस मला समजत नाही.

बाहेर पडायची वेळ होती ती पहिल्या आठवड्यात. तेव्हा पोटात अन्न होतं, पायात बळ होतं. नंतर रोज शंभर टनांनी ती खिडकी बंद होत गेली. डिसेंबरात सुटका ४८ किलोमीटरवर आली, तेव्हा आतल्यांचे पाय आधीच गेले होते.

आता कुणी विचारेल, त्या जर्मनांची एवढी कीव कशाला? कीव नाही. जर्मन फौजाच लेनिनग्राडला वेढून बसल्या होत्या आणि तिथं लहान मुलांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येत होता. स्टालिनग्राडच्या वेढ्यातही उपासमारीत आधी गेले ते जर्मनांच्या ताब्यातले रशियन कैदी. मी कुठल्या झेंड्याकडून बोलत नाही, मी भुकेविषयी बोलतोय. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी ब्रॉडगेजनं कुर्डुवाडीला यायची आणि बार्शीकडं जायला छोट्या वाघिणीत पडायची. आई त्या मिलोची भाकरी थापायची तेव्हा ती परातीतच तुटायची. ती तुकडे जोडून तव्यावर टाकायची आणि आम्हा चौघांना बोटानं मोजून वाटायची. वडील संध्याकाळी आले की ती एकच विचारायची, "आज किती उतरली?" वडील पोत्यांचा आकडा सांगायचे. तो आकडा खरा असायचा. कमी असला तरी ते कमीच सांगायचे, मग आई उद्याचं पीठ आजच वेगळं काढून ठेवायची.

रशियनांनी तर जर्मनांच्या उलटं केलं, आणि ते वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. त्यांनी १९४२ सालीच व्होल्गाला समांतर हजारच्या आसपास किलोमीटर नवा मार्ग टाकला. रूळ कुठून आणले? दूर सैबेरियातल्या बैकाल-आमूर मार्गावरचे उखडून. गाड्या एकामागं एक सोडायच्या, पण सिग्नल पुरेसे नाहीत, तर रुळाकडेला ठरावीक अंतरावर माणसं उभी केली. दिवसा हातात झेंडी, रात्री कंदील. ज्यानं ब्लॉक सेक्शनमध्ये, म्हणजे एका वेळी एकच गाडी सोडायच्या रुळाच्या टप्प्यावर, नोकरी केलीय त्यालाच कळेल हे काय आहे. थंडीत, रात्रभर, एक माणूस म्हणजे एक सिग्नल. १९ नोव्हेंबरचा हल्ला त्या कंदिलांनी आणला.

पुढचं भराभर झालं. २४ डिसेंबरला रशियन रणगाडे, पुरवठ्याची विमानं जिथून उडत त्या वेढ्याबाहेरच्या तात्सिन्स्कायाच्या विमानतळावरच घुसले. १० जानेवारीला शेवटचा हल्ला सुरू झाला. तोवर वेढणाऱ्यांना वाटत होतं आत नव्वदएक हजार असतील, तिप्पट निघाले. १६ ला वेढ्यातली पितोम्निकची धावपट्टी गेली, आठवड्याभरात गुमराकचीही. मग पोती वरून टाकू लागले. बर्फात पडलेलं पोतं उकरायचं, ओढायचं, तेवढं त्राण राहिलं नव्हतं. ३१ जानेवारीला पॉलुस शरण आला, २ फेब्रुवारीला उत्तरेकडचे. ९१ हजार कैदी झाले. घरी परतले पाच-सहा हजार.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी मालधक्क्यावर नेलं. गव्हाची रेक लागली होती. पन्नास किलोची चाळीस पोती एका ट्रकमध्ये चढेपर्यंत आम्ही उभे राहिलो. "हे एक विमान," मी म्हटलं.

तिनं उरलेल्या वाघिणींकडं पाहिलं. शेवटची वाघीण वळणापलीकडं होती, दिसत नव्हती. "आणि काका, एवढं सगळं पाचच दिवसांचं?"

"हो."

मुकादमानं मोजणीची खूण केली, हमाल पुढच्या ट्रककडं वळले. ती चालत चालत वाघिणी मोजायला लागली.