कोनासमुद्रमच्या शेतातलं पोलाद

नांदेडचा माझा एक मित्र पदरमोड करून उत्तर तेलंगणातल्या जुन्या पोलादावर माहितीपट करतोय. चित्रीकरणाला मीही सोबत गेले. निजामाबाद, आर्मूर, कम्मरपल्ली करत कोनासमुद्रम गाठलं.

ज्या तलवारींना जग दमास्कसच्या म्हणतं, त्यांच्यासाठी दक्षिण भारतातून पोलाद जायचं आणि त्यात या गावाचं नाव होतं. हेन्री व्हॉयसी या भूवैज्ञानिकाने इथलं काम बघून लिहून ठेवलं. ते टिपण त्याच्या मृत्यूनंतर, 1832 मध्ये छापून आलं. त्याला इथे इराणातल्या इस्फहानचा व्यापारी भेटला होता. नुसता माल उचलायला आलेला नव्हे, भट्टीपाशी थांबून देखरेख करणारा!

शेतात शिरलो तर पायाखाली मुशींचे, म्हणजे धातू वितळवायच्या मातीच्या भांड्यांचे, तुकडेच तुकडे. एक उचलला. बाहेरून काळपट काचेची झिलई, मोडलेल्या कडेला भाताच्या तुसाचे ठसे. मुशीची माती तुसासकट मळायचे, म्हणून ती एवढी धग सोसायची. आतल्या अंगाला एक आडवी कड उमटलेली: वितळलेलं पोलाद तिथपर्यंत होतं. त्या कडेवरून बोट फिरवताना अंगावर काटा आला. दोन ठिकाणचं लोखंड तोलून घ्यायचं, मुशीत घालून तोंड लिंपायचं, भाते चालवत तासन्‌तास तापवायचं आणि मग सावकाश निवू द्यायचं. एवढ्यात लोखंडात दीडेक टक्का कार्बन मुरायचा. पुढे पात्यावर जी नक्षी खुलायची, तिचं मूळ यात. हे सगळं तापमापक नसताना, नजरेच्या अंदाजावर!

मित्राने ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवला, तर काळी रेती राठ मिशीसारखी चिकटून आली. अशीच रेती धुऊन, कोळशावर गाळून लोखंड काढायचे.

2010 मध्ये बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडचं एक्सेटर विद्यापीठ यांनी या पट्ट्यात अशा कितीतरी जागांची पाहणी केली. पण शेती थांबत नाही. ‘नांगराला लागतात, वेचून बांधावर टाकतो,’ शेताचे मालक दखनीत म्हणाले. त्यांचा काय दोष? किल्ल्याच्या चिऱ्यासाठी आपण भांडतो, तेवढी आस्था या ढिगांच्या वाट्याला यायलाच हवी.

आता लोहारांच्या घरची आठवण चित्रित करायची राहिलीय. त्यासाठी मित्र पेरणीआधी पुन्हा जाणार आहे. माहितीपटाचा पहिला खेळ गावातच करायचं त्याने कबूल केलंय.