दुपारच्या ताटाचे माप बसवताना

वजन कमी करायचे ठरवल्यावर हाती येणाऱ्या आहाराच्या कागदावर दुपारच्या जेवणापुढे बहुधा ठरलेलीच ओळ असते: दोन पोळ्या, एक वाटी वरण, एक वाटी भाजी, अर्धी वाटी भात, कोशिंबीर, ताक. माझ्या कागदावरही तीच होती. ती वाचताच मनात आले की पोळी कोणाच्या घरची आणि वाटी कोणत्या मापाची? आम्ही बडोद्यात, दांडिया बाजाराच्या बाजूला राहतो, आणि कचेरीत माझ्या शेजारी डबा उघडणाऱ्या गुजराती मैत्रिणीची रोटली आणि आमच्या घरची घडीची पोळी शेजारी शेजारी ठेवली, तर दोन्हींना एकाच संख्येने मोजणे किती निरर्थक आहे हे कोणाच्याही लक्षात येईल.

माझी उंची १५५ सेंटिमीटर आणि त्या वेळचे वजन ६८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा) २८ च्या थोडा वर. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता धरतात, आणि बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. मी दोन्हींच्या पलीकडे होते. गुडघे कुरकुरू लागल्यावर डॉक्टरांनी आठवड्याला साधारण अर्धा किलो, त्याहून घाईने नाही, असे वजन उतरवण्यास सांगितले. सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण घरीच होत असल्यामुळे त्यांत बदल करणे फारसे अवघड गेले नाही. अडचण होती ती दुपारची, कारण दिवसातले सर्वांत मोठे जेवण तेच आणि ते चारचौघींत, चारचौघींच्या डब्यांतून होणारे.

स्वयंपाकघरात एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणला आणि पहिल्यांदा कणकेचा गोळा त्यावर ठेवला. आमच्या नेहमीच्या पोळीचा गोळा ५५ ग्रॅमच्या आसपास भरला. त्यातले पाणी वजा केले तर कोरडे पीठ साधारण ३४ ग्रॅम, म्हणजे ११५ कॅलरींच्या आसपास. शिवाय घडीत लावलेले आणि तव्यावर सोडलेले तेल मिळून छोटा चमचाभर तरी होतेच, आणि त्याच्या सुमारे ४० कॅलरी. मैत्रिणीने माझ्या हट्टाखातर एकदा आपल्या घरचे गोळे तोलून पाहिले. ते जेमतेम २५ ग्रॅमचे होते. वर लावलेले तूप धरूनही तिच्या चार रोटल्या माझ्या दोन पोळ्यांना पुरत्या पडत नव्हत्या, आणि तरी पाहणाऱ्याला मी दोन खाणारी आणि ती चार खाणारी! तेव्हापासून मी पोळ्या मोजणे सोडले आणि माझ्या वाट्याची कणीक मोजू लागले. दुपारसाठी ५० ग्रॅम कोरडे पीठ, त्याचे दोन फुलके, घडी नाही, भाजताना तेल नाही. फुलके डब्यात दुपारपर्यंत मऊ राहावेत म्हणून कणीक थोडी सैल भिजवायची, वीस मिनिटे झाकून ठेवायची आणि फुलके गरम असतानाच पातळ फडक्यात गुंडाळायचे.

तेलाचा हिशेब मात्र ताटावर बसून करताच येत नाही. भाजीच्या वाटीकडे पाहून तिच्यात एक चमचा तेल आहे की तीन, हे सांगणे सुगरणीलाही कठीण. गुजरातेत सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, १५ किलोचा डबा घेण्याची पद्धत आहे आणि आमच्याकडेही तोच येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या नमुना आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार माणसांच्या घरात त्या हिशेबाने १५ किलोचा डबा साडेचार महिन्यांहून जास्त चालायला हवा. आमचा तीन महिने सरता सरता तळाला जात होता, म्हणजे माणशी ४० ग्रॅमच्या वर, आणि त्यात तूप, बाहेरचे फरसाण व कचेरीतला चिवडा धरलेलाच नव्हता. या एका हिशेबाने माझ्या डोळ्यांसमोर जे आले ते कॅलरींच्या तक्त्यांनी आले नव्हते. फोडणी करताना बुधलीतून तेल ओतण्याऐवजी चहाच्या चमच्याने घालायचे, चौघांच्या भाजीला चार चमचे, असा नियम केला. वांग्याच्या भाजीने आणि भेंडीने सुरुवातीला फार त्रास दिला, कारण दोन्ही तेल पितात. भेंडी जाड बुडाच्या कढईत उघडीच परतली आणि मीठ शेवटी घातले की थोड्या तेलात भागते, आणि वांगे आधी भाजून घेतले की भरीत होते.

वरणाच्या बाबतीत उलटेच निघाले, तिथे कमी करायचे नव्हते, वाढवायचे होते. चौघांसाठी आमच्याकडे मूठभर तूरडाळ लागत असे. काट्यावर ती ६० ग्रॅम भरली, म्हणजे माणशी १५ ग्रॅम आणि प्रथिने जेमतेम तीन ग्रॅम. गोड गुजराती दाळ असो की आपले साधे वरण, वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात पाणी किती आणि डाळ किती हे कच्ची डाळ तोलल्याशिवाय कळत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत शिकलेल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे मी नंतर गेले, त्यांनी माणशी ३० ग्रॅम कच्ची डाळ किंवा कडधान्य आणि वर वाटीभर दही सुचवले. मटकी, मूग, चवळी यांची उसळ दाट ठेवली की तिलाच भाजीइतका मान देता येतो आणि पोटही धरून राहते. मला व्यक्तिशः असे वाटते की शाकाहारी घरांत वजन उतरवण्याच्या नावाखाली पोळी-भात कापला जातो आणि डाळ होती तेवढीच राहते. मग तीन वाजता भूक लागते आणि कचेरीच्या टेबलावर बडोद्याचा तळलेला लीलो चिवडा फिरतच असतो.

ताटाच्या डाव्या बाजूची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. आपल्याकडे ताट वाढताना डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. कोशिंबीर ही डावीकडची, म्हणून चमचा-दीड चमचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नमुना ताटात भाज्या आणि फळे मिळून निम्मी जागा घेतात. ते आमच्या ताटात उतरवायचे तर डावी बाजू उजवीइतकी मोठी करावी लागणार होती. खंडेराव मार्केटमधून आठवड्याच्या काकड्या, गाजरे, मुळे, बीट, टोमॅटो आणू लागले आणि डब्याचा सर्वांत मोठा कप्पा त्यांना दिला. पण कोशिंबीर वाढवली म्हणजे काम झाले असेही नाही. शंभर ग्रॅम काकडीत १५ कॅलरी असतात. तिच्यावर आमच्या पद्धतीने दोन मोठे चमचे दाण्याचे कूट, चिमूटभर साखर आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी पडली की तीच काकडी दीडशेच्या पुढे जाते. कूट वाईट नाही, उलट दाण्यांत प्रथिनेही आहेत, पण ते भुरभुरण्याचे असते, कालवण्याचे नव्हे. आता कूट चहाच्या चमच्याने एक, फोडणी नाही, लिंबू आणि कोथिंबीर भरपूर. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ती चाखून, ‘अगं, ही कोशिंबीर नाही, नुसती चिरलेली काकडी आहे,’ असे सांगितले, आणि त्यांचे म्हणणे पूर्णपणे खोटे म्हणता येणार नाही. दह्यात कालवून भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की त्यांची तक्रार निम्मी होते.

भात डब्यात नेणे मी सोडले, पण रविवारी घरी वरण-भात असतोच. तीस ग्रॅम कच्चा तांदूळ शिजून ८० ते ९० ग्रॅम होतो. नैवेद्याच्या लहान वाटीने मूद पाडली की साधारण तेवढाच भात बसतो. भात घेतला तर फुलका एकच. तूप घरातले सगळे मुदीवर घेतात तसे मीही घेते, पण चहाच्या चमच्याने अर्धा, कारण मुदीवरून ओघळणाऱ्या तुपाला काही मर्यादाच नसते.

कचेरीत आम्ही पाच-सहा जणी एकत्र जेवतो, डबे मधोमध ठेवले जातात आणि ज्याला जे हवे ते घेतो. कोणी पात्रा आणते, कोणी हांडवो, कोणी थेपले. आमच्या घरच्या थालीपिठाला तर मागणी फार. अशा पद्धतीत आपण किती खाल्ले हे जेवण संपल्यावरही सांगता येत नाही, कारण ताट असे नसतेच, नुसते घास असतात. वेगळे बसण्याचा सल्ला मला एकीने दिला होता, तो मी मानला नाही, कारण दिवसभरातला बोलण्याचा तेवढाच वेळ असतो. त्याऐवजी डब्याचे रुंद झाकण हेच ताट करायचे ठरवले. सुरुवात करण्यापूर्वी माझ्या डब्यातले सगळे त्यावर वाढून घ्यायचे, इतरांच्या डब्यांतले जे मनापासून हवे असेल त्यातले दोन पदार्थ प्रत्येकी चमचाभर त्याच्याच कडेला घ्यायचे, आणि हात पुन्हा मध्ये न्यायचा नाही. हांडवोचा तुकडा घेतला तर त्या दिवशी एक फुलका डब्यातच राहतो. ‘थोडुं तो लो, बेन,’ असा आग्रह सुरुवातीला होत असे, आणि गुजराती आग्रहाला नुसते नको म्हणणे उद्धटपणाचे दिसते. झाकणावर त्यांचाच पदार्थ दिसू लागल्यावर तो आपोआप मावळला.

माप बरोबर आहे की नाही, हे शेवटी पोटाला विचारावे लागते, पण ते ठरावीक वेळी. एक वाजता जेवल्यावर साडेचार-पाचच्या सुमाराला हलकी भूक लागावी, एवढी माझी कसोटी आहे. तीनलाच पोटात कालवाकालव झाली तर मी त्या दिवशीचे झाकण आठवते, आणि बहुतेक वेळा त्यावर उसळ किंवा दही कमी असते, फुलका नव्हे. जेवून उठताच डोळे मिटू लागले तर भात-पोळी एकत्र झालेली असते. जेवताना पोट भरल्याची जाणीव व्हायला वीस-एक मिनिटे लागतात असे सांगतात. आम्ही पूर्वी दहा मिनिटांत डबे धुवायला उठत होतो. आता काकडी-गाजर आधी आणि फुलका नंतर, एवढ्यानेच वेळ लांबतो. अशा झाकणात साधारण साडेचारशे ते पाचशे कॅलरी येतात आणि माझ्या दिवसाच्या ठरलेल्या आहारात ते बसते. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे आकडे उचलू नयेत. त्यांचे माप डॉक्टरांनीच ठरवावे.

काटा पहिल्या काही आठवड्यांनंतर रोज लागेनासा झाला, कारण गोळा तळहातात धरताच वजनातला फरक कळू लागला. तरी महिन्यातून एखादा दिवस मी तोलून पाहते, कारण अंदाज नेहमी वरच्याच बाजूला सरकतो, खालच्या बाजूला कधी नाही. वजन सुरुवातीला महिन्याला दोन किलोच्या हिशेबाने उतरले, मग बराच काळ हलले नाही. त्या काळात मी जेवण आणखी कापले नाही. संध्याकाळी कमाटीबागेत चालणे वाढवले आणि वजनाऐवजी कमरेचा घेर मोजत राहिले, जो थोडा थोडा कमी होतच होता. मीठ जास्त पडलेल्या दिवसानंतर अंगाच्या वजनाचा काटा किलोभर वर दाखवतो, तो किलो साठलेल्या पाण्याचा असतो, हेही तेव्हाच समजून घेतले. आज मी ६२ वर आहे आणि जिने चढताना गुडघे बोलत नाहीत.

सणावारांचे माप अजून पूर्ण बसलेले नाही. केसर आंब्याच्या दिवसांत रस हा फुलका आणि भात या दोघांच्या बदल्यात घ्यायचा, एक वाटी, साखर न घालता, असे ठरले आहे आणि ते पाळले जाते. उत्तरायणातल्या, म्हणजे संक्रांतीच्या, उंधियूला (कंद आणि भाज्यांच्या तेलकट मिश्र भाजीला) मात्र काही उपाय सापडलेला नाही. वाटीत घेताना वरची तरी बाजूला सारली तरी कंदांनी आणि मुठियांनी जे तेल आत घेतलेले असते ते बाहेर काढता येत नाही, म्हणून त्या दिवशी पुरी आणि जिलबी सोडून उंधियू पोटभर खाते.

घरातल्या सगळ्यांना माझे माप लावण्याची कल्पना आहारतज्ज्ञ बाईंनीच मोडून काढली. मुलगा क्रिकेट खेळतो, त्याला माझ्या दुप्पट कणीक लागते. सासूबाई पंचाहत्तरीच्या घरात आहेत आणि त्यांचे वजन कमी होणे हीच काळजीची गोष्ट आहे, त्यामुळे त्यांच्या वरणात डाळ माझ्याइतकीच दाट आणि तूप माझ्याहून जास्त हवे. म्हणून सकाळी कणीक एकाच परातीत भिजते, पण गोळे दोन आकारांचे होतात, आणि सासूबाईंची पोळी अजूनही घडीची, तेल लावून, माझ्या फुलक्यांच्या आधी तव्यावर पडते.